जुन्या ट्रॅक्टरला बॅटरीची केबल घेताना

निफाडकडच्या थंडीत पहाटे जुना ट्रॅक्टर ‘टक’ करून गप्प बसला की आपण आधी बॅटरीवर घसरतो. माझंही तसंच झालं. बॅटरी चार्ज करून आणली, तरी तेच. शेवटी केबलचं टोक सोलून पाहिलं तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी.

नवी केबल घेताना जाडी वरच्या रबरावरून ठरवू नका. स्वस्त केबलला रबर जाड आणि तार बारीक असते. १२ व्होल्टच्या सेल्फला (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला) सुरुवातीला दोन-तीनशे अँपियर सहज लागतात, तेव्हा शुद्ध तांब्याची, बारीक तारांची किमान ५० स्क्वेअर एमएम (हे आतल्या तांब्याच्या छेदाचं माप, रबराचं नाही) घ्या. लांब असेल तर ७०. टोक चाकूने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. (कथील चढवलेलं तांबंही चंदेरी दिसतं, पण ते खरवडल्यावर लाल निघतं.) मूळ ६ व्होल्टचा ट्रॅक्टर असेल तर करंट जवळपास दुप्पट, म्हणून केबल आणखी जाड.

अर्थची केबलही (बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या लोखंडी बॉडीला जाणारी) तेवढीच जाड हवी. इथेच लोक पैसे वाचवतात! ती जिथे बसते तिथला रंग घासून लोखंड उघडं करा. लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) हातोडीने ठोकून नको, नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीकडे हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्या.

काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथेही काढताना अर्थची केबल आधी, लावताना शेवटी.