मॅट प्रिंटवर फडकं मारू नका : मोठ्या फाइन आर्ट प्रिंट ओरखड्यांपासून कशा जपाव्यात

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचा रात्रीचा एक फोटो मी २४ बाय ३६ इंचांत मॅट कागदावर काढला होता. संध्यामठाची काळी आकृती आणि वर तितकंच काळं आभाळ. फ्रेमवाल्याकडे टाकला. दुसऱ्या दिवशी गेलो तर तो म्हणाला, "दादा, जरा धूळ बसलेली वर, फडकं मारून ठेवलीय बघा." समोरून बघितलं तर काहीच दिसेना. दुकानाच्या दारातून तिरकं ऊन आलं आणि आभाळभर चकचकीत रेघा उमटल्या. फडकं स्वच्छ होतं, मऊ होतं, सुती होतं. त्याच्यावर रागावणार तरी काय? देवाच्या तसबिरीपासून लग्नाच्या फोटोपर्यंत त्याच्या दुकानात सगळं पुसायचंच असतं. ही एक पुसायची नाही, हे मीच सांगितलं नव्हतं.

आधी कागद समजून घ्या

हानेम्यूले या जर्मन कंपनीच्या फोटो रॅग ३०८ सारखा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. ३०८ म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. त्यावर शाई धरून ठेवणारा एक पातळ लेप असतो आणि पिगमेंट शाईचे (रंगाचे न विरघळणारे बारीक कण असलेल्या शाईचे) कण त्या लेपात आणि लेपावर बसतात. ग्लॉसी फोटोला असतो तसा वरून गुळगुळीत थर इथे नसतो. मॅट दिसण्याचं कारणच हे, की पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो आणि उजेड चहूकडे विखुरतो. बोट किंवा फडकं घासलं की तो खडबडीतपणा दाबला जातो आणि तेवढाच भाग चकाकतो. जोरात घासलं तर लेपच निघतो आणि खालचा पांढरा कागद दिसतो. दोन्ही जखमा गडद काळ्यात सर्वांत जास्त दिसतात, कारण शाई तिथेच सर्वांत जास्त असते. यातली एकही पूर्ण भरून येत नाही. त्यामुळे जपायचं म्हणजे घासणं टाळायचं. त्यासाठी काय करायचं ते क्रमाने सांगतो.

प्रिंट काढण्याआधी

चारी बाजूंनी दोन-तीन इंच कोरी किनार सोडा. कागद जास्त लागतो, पण धरायला जागा मिळते. फ्रेममध्ये ही किनार माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली जाते, कुणाला दिसतही नाही.

मग कागदावरची धूळ काढा. कापसाच्या कागदावर सुटे तंतू आणि लेपाची भुकटी असते. शाई त्या कणांवर पडते, नंतर कण गळून पडतो आणि काळ्या आभाळात एक पांढरा ठिपका उरतो. रुंद, मऊ केसांच्या ब्रशने एकाच दिशेने हलका हात फिरवा किंवा रबरी ब्लोअर वापरा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा एक थेंब पुरतो. उद्यमनगरात कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर असतोच, तो मोह टाळा. त्या हवेबरोबर तेल आणि पाणीही येतं.

वाळवणं

मशिनमधून बाहेर आलेली प्रिंट हाताला कोरडी लागते, पण ती तयार झालेली नसते. सपाट टेबलावर, चित्र वर करून, किमान २४ तास पडू द्या. एकीवर एक ठेवू नका. पावसाळ्यात मी दोन-तीन दिवस देतो. जुलैत आपल्याकडे वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत, तिथे कापसाचा कागद कसा लवकर वाळेल?

उचलणं

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. बाहीचं बटण आणि गळ्यात लोंबणारं ओळखपत्रही बघा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पातळ नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे चांगले. सुती हातमोज्यांचे धागे गळतात आणि पकडही सुटते. दोन फुटांहून मोठी शीट दोघांनी समोरासमोरच्या कडांना धरून उचलावी. एकट्याने एका कोपऱ्याला धरून उचलली की कागद स्वतःच्या वजनाने वाकतो आणि बोटाशी चंद्रकोरीसारखी मोड पडते. कपाळावर शोभते ती चंद्रकोर, प्रिंटवर नाही. ही मोड जात नाही.

स्प्रे मारायचा का?

मोठी आणि गडद प्रिंट असेल तर मारावा, असं माझं मत. इंकजेट प्रिंटसाठी बनवलेला संरक्षक लॅकर स्प्रे मिळतो, तोच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं लाकडाचं व्हार्निश कालांतराने पिवळं पडतं. प्रिंट पूर्ण वाळल्यावर, हवा खेळती असलेल्या पण धूळ नसलेल्या जागी, तोंडाला योग्य मास्क लावून काम करा. अंतर साधारण २० ते ३० सेंटीमीटर. हात कडेच्या बाहेरून सुरू करा आणि पलीकडच्या कडेबाहेरच थांबवा, नाहीतर सुरुवातीच्या जागी थेंब साचतात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या; एक आडवा, वाळला की दुसरा उभा. डब्यावर लिहिलेली वेळ पाळा.

भर पावसात मात्र हे काम काढू नका. हवेत दमटपणा जास्त असला की लॅकर वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते आणि काळा रंग राखाडी दिसायला लागतो. ऑर्डर श्रावणातली असेल तर कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा किंवा स्प्रेशिवाय सरळ काचेत घाला.

स्प्रेने थोडा आधार मिळतो, चिलखत मिळत नाही. नख लागलं तर ओरखडा येणारच.

ठेवणं आणि नेणं

दोन प्रिंटमध्ये नेहमी आम्लमुक्त कागद घाला. प्रवासासाठी ग्लासिन, म्हणजे पातळ अर्धपारदर्शक कागद उत्तम, कारण ते गुळगुळीत असतं. ग्लासिन मागितलं की दुकानदार बटर पेपर पुढे करतो; केकखाली घालायचा मेणचट किंवा सिलिकॉनचा कागद घेऊ नका. दमट हवेत ग्लासिनला लाटा पडतात, म्हणून महिनोन्महिने ठेवायचं असेल तर गुळगुळीत आम्लमुक्त टिश्यू बरा. हा कागद प्रिंटपेक्षा मोठा कापा आणि काढताना ओढू नका. दोन कोपरे धरून सरळ वर उचला. माझ्या पाहण्यात निम्मे ओरखडे कागद ओढून काढतानाच पडतात. वर्तमानपत्र नको. बबल रॅप थेट चित्रावर नको, त्याचे गोल ठसे उठतात.

शक्य तिथे सपाटच न्या: खाली फोमबोर्ड (आत फोम असलेला हलका पुठ्ठा), वर फोमबोर्ड, मध्ये ग्लासिनमध्ये गुंडाळलेली प्रिंट, आणि ती आत सरकणार नाही असे कोपरे. गुंडाळायचीच असेल तर जाड नळीच्या बाहेरून, ग्लासिनसह, सैल पण न सरकणारी गुंडाळा आणि वरून मोठी नळी घाला. अरुंद नळीत प्रिंट खुपसली की आत जाताना एकदा आणि बाहेर येताना पुन्हा एकदा घासते. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लावताना उघड्या प्रिंट भिंतीला टेकवून, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. कुणीतरी मागची एक ओढतो आणि दोन बाद होतात.

फ्रेम

काच प्रिंटला टेकता कामा नये. खिडकी कापलेला माउंट किंवा कडेला स्पेसर (काच दूर ठेवणारी पट्टी) घाला, म्हणजे मध्ये हवा राहते. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरलं तर टेकलेली प्रिंट काचेला चिकटते आणि सोडवताना लेप सोलून येतो. मोठ्या फ्रेमला ॲक्रिलिक हलकं पडतं, पण ते धूळ ओढतं आणि त्यावर चरे पटकन पडतात. काच पुसायची झाली तर पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. ते फ्रेमच्या खाचेतून आत झिरपतं. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावत असाल तर मागे रबराची बटणं चिकटवून हवेला वाट द्या. आणि फ्रेमवाल्याला द्यायच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा: "पुसू नये. धूळ असली तरी."

एवढं करूनही लागलंच तर

बारीक पांढरा ठिपका असेल तर पिगमेंट पेनाच्या टोकाने टिपता येतो, पण आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर रंग जुळवून बघा. चकाकती रेघ असेल तर खोडरबर, ओला कापूस, कशाच्याही नादाला लागू नका; डाग वाढतो. नवी प्रिंट काढा. त्यासाठी फाइल, कागदाचं नाव आणि प्रिंटरची सेटिंग लिहून ठेवलेली असली म्हणजे झालं.

रंकाळ्याची ती प्रिंट मी फाडली नाही. आभाळाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. नवा स्प्रे आणला की एका पट्टीच्या अर्ध्या भागावर मारतो, वाळू देतो आणि कापसाने दोन्हीकडे सारखंच घासून बघतो. स्टुडिओत कुणी "नुसतं बोट लावून बघू का?" म्हणालं तरी त्यातलीच एक पट्टी पुढे करतो.