मागचा बंपर बदलताय? या चुका टाळा, नाहीतर तुमचाच बंपर बॉडी फोडेल

नाल्यातून बाहेर पडताना पुढची चाकं दरडीवर चढली की गाडीचं तोंड वर जातं आणि मागचा भाग खाली बसतो. नागपूरजवळच्या कळमेश्वर-काटोलकडचा काळा खडक असो की उमरेडच्या बाजूला पांदणीत वाळून दगड झालेली काळी माती, पहिली ठोकर मागच्या बंपरच्या कोपऱ्याला बसते. कंपनीचा प्लास्टिक बंपर आत दबतो, क्लिपा तुटतात आणि त्याच्या पाठीमागचा क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकाभोवतीचा बॉडीचा पत्रा, चाकामागे खालून दुमडतो. दरवाजासारखा हा पॅनल बोल्ट काढून बदलता येत नाही. तो बॉडीला वेल्ड केलेला असतो, म्हणून एवढ्याशा जागेचं डेंटिंग-पेंटिंगही लांबतं.

यावर उपाय म्हणून लोखंडी बंपर बनवून घेतला जातो. काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा पोचा दिसतो, आणि या वेळी तो नव्या बंपरनेच पाडलेला असतो.

फट न ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. थार, गुरखा, जिम्नी, जिप्सी या गाड्यांमध्ये चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी आणि बॉडी वेगळी. बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते. गाडी आडव्या-तिडव्या जागेत वाकली की चेसी पिळते आणि बॉडी रबरावर सरकते. बंपर मात्र चेसीला घट्ट बांधलेला असतो. दिसायला छान म्हणून तो बॉडीला चिकटून बसवला, तर चेसी पिळल्याबरोबर त्याची कड पत्र्यात घुसते.

बॉडी आणि बंपर यांच्यात मधल्या भागात किमान 12 ते 15 मिमी आणि दोन्ही टोकांना 20 ते 25 मिमी फट ठेवा. टोकांना जास्त, कारण टोकं जास्त हलतात. बंपर चेसीला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या दोन बोल्टमध्ये 150 मिमी अंतर असेल आणि भोकांच्या ढिलेपणामुळे तिथे 1 मिमी खेळ असेल, तर 600 मिमी लांबच्या टोकाला तो 4 मिमी होतो.

पक्कं वेल्डिंग करण्याआधी, नुसते टाके मारलेले असताना तपासणी करा. फटीत चार-पाच ठिकाणी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे गोळे दाबून बसवा. मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक 250 ते 300 मिमी उंच, भक्कम ठोकळ्यांवर घ्या आणि उरलेली चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट लावा. मग हीच कसरत उलट्या जोडीने करा. गाडी खाली घेतल्यावर चपटे झालेले गोळे सोडवून त्यांची जाडी मोजा. उभ्या गाडीत जिथे 8 मिमीपेक्षा कमी उरलंय, तिथे चालत्या गाडीत बंपर पत्र्याला लागणारच. तेवढी कड ग्राइंडरने मागे घ्या.

फटीत रबर ठासून भरू नका. रबरात माती अडकते आणि ती पॉलिश पेपरसारखी रंग घासते. शिवाय ठोकर रबरातून सरळ बॉडीवर जाते. बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, हवीच असेल तर ती फक्त बंपरच्या कडेला लावा, बॉडीला टेकू देऊ नका.

गाडी जुनी असेल तर आधी बॉडी माउंट बघा. डावीकडे फट 20 आणि उजवीकडे 9 येत असेल, तर बहुतेक वेळा एका बाजूचं रबर बसलेलं असतं. रबर न बदलता त्यावर माप घेतलं, तर पुढे रबर बदललं की सगळं माप चुकतं.

पंख मोकळे सोडणं

बंपरचा मधला भाग दोन चेसी-रेलवर भक्कम बसतो. कोपऱ्याकडे जाणारे दोन पंख मात्र हवेत असतात, आणि ठोकर नेमकी त्यांच्या टोकाला लागते. आतून आधार नसेल तर पंख पुढे वाकतो आणि पॅनलला ढकलतो. प्रत्येक पंखाच्या मध्यापासून चेसीच्या ब्रॅकेटपर्यंत तिरका आधार द्या. त्यासाठी 3 मिमी जाडीचा दीड इंची पाइप पुरतो. जोडावर 5 मिमीची गसेट, म्हणजे त्रिकोणी पट्टी, लावा. पंखाची बाहेरची कड बॉडीच्या रेषेपेक्षा 10 ते 15 मिमी बाहेर हवी, पण टायरच्या बाहेर जाऊ नये. ती आत राहिली तर दगड पहिल्यांदा पॅनललाच भेटतो. पंखाची खालची कड टोकाकडे वर उचललेली ठेवा.

जाड पत्रा म्हणजे मजबुती, हा समज

1 चौरस मीटर 3 मिमी पत्र्याचं वजन साधारण 23.5 किलो, 5 मिमीचं 39 किलो. बंपरला 0.9 चौरस मीटर पत्रा लागला, तर फरक 14 किलोचा पडतो, आणि हे वजन मागच्या ॲक्सलच्याही पाठीमागे लटकतं. पत्रा 3 मिमीच ठेवा, जाडी ब्रॅकेटला द्या. ब्रॅकेट 6 मिमी आणि बोल्ट एम12, 8.8 ग्रेडचे, प्रत्येक बाजूला किमान चार. भोकं ड्रिलने 13 ते 13.5 मिमी पाडा. गॅसने कापलेल्या 17-18 मिमीच्या भोकात बोल्ट कितीही आवळला तरी ठोकर बसल्यावर सरकतो. चेसीच्या पेटीतून आरपार बोल्ट टाकत असाल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना पेटीच दबते.

अँगल घालवून बसणं

मागचा भाग न घासता गाडी जेवढ्या चढावरून उतरू शकते तो कोन म्हणजे डिपार्चर अँगल. 2020 मध्ये आलेल्या थारचा तो 36.8 अंश आहे. जाड बंपर लावून तो कमी केला तर जी ठोकर टाळायची होती तीच वाढते. हिशेब सोपा आहे. समजा बंपरची खालची कड जमिनीपासून 500 मिमी वर आणि टायर टेकतो तिथून 700 मिमी मागे आहे. अँगल सुमारे 35.5 अंश येतो. कड आणखी 100 मिमी मागे गेली की 32 अंश. तीच कड मागे न नेता 60 मिमी वर घेतली तर 38.7 अंश. सायलेन्सरचं तोंडही त्या रेषेच्या वर हवं, कारण दरडीवर दबून ते बंद होतं. पाइप आणि बंपर यांच्यात 30 मिमी अंतर ठेवा.

पत्र्यालाच हूक

कन्हान नदीच्या रेतीत रुतलेली गाडी ओढताना हूक बंपरच्या पत्र्यावर वेल्ड केलेला असेल तर तो उखडून गोळीसारखा येतो. यात जीव जातो. पाऊण इंची शॅकलसाठी (ओढायचा पट्टा अडकवायची लोखंडी कडी) 20 मिमी जाडीचा कान करा. पत्र्यात खाच पाडून तो आरपार न्या आणि पाठीमागे थेट चेसीच्या ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. भोक 25 मिमी. फार्म जॅक (गाडी उचलायचा उंच जॅक) लावायची जागाही याच ब्रॅकेटच्या रेषेत ठेवा, पंखावर नाही.

कायद्याकडे कानाडोळा

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं होतं. काम टाकण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नंबर प्लेट, तिचा दिवा, लाल रिफ्लेक्टर आणि टेल लाइट जराही झाकले जाता कामा नयेत. रोजची धाव नागपुरातल्या धरमपेठ ते वाडी एवढीच असेल, तर लोखंडी बंपरच्या वाटेला न गेलेलं बरं.

वेल्डिंग, रंग आणि नंतरच्या तक्रारी

वेल्डिंग शक्यतो बंपर काढूनच करा. टाके गाडीवर मारायचेच असतील तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा आणि इंधनाच्या टाकीवर ओलं गोणपाट टाका. पोकळ भागात सगळ्यात खालच्या जागी 10-12 मिमीची भोकं हवीत. काळी माती आत साचून सुकली की तिची वीट होते आणि लोखंड आतून सडतं. रंगाआधी झिंक प्रायमर द्या.

रिव्हर्स सेन्सर सतत वाजत असेल तर तो लोखंडाला टेकलाय किंवा जमिनीकडे झुकलाय. भोक मोठं करून रबरी बुश घाला. स्पीड ब्रेकरवर मागून टकटक आवाज आला तर आधी पॅनलची खालची कड बघा. रंग घासून चकाकणारा ठिपका दिसला तर फट कमी आहे. ठिपका नसेल तर बोल्ट ढिले आहेत. पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने 80 न्यूटन-मीटरला आवळा आणि प्रत्येक नटावर पांढऱ्या पेंटची रेघ ओढा. पुढच्या ऑफरोडिंगनंतर रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरलाय.