गल्लीची कोजागरी : साठ जणांचं मसाला दूध

गल्लीत चेहरे ओळखीचे पण नावं ठाऊक नाहीत, अशी गत झाली असेल तर कोजागरी धरा. गणपतीला मंडप, परवानग्या, मोठी वर्गणी लागते. आश्विन पौर्णिमेला एक पातेलं आणि एक शेगडी पुरते. फक्त तयार दूध मागवू नका, गल्लीतच आटवा. आटायला दोन तास लागतात आणि लोक बोलते होतात ते त्याच दोन तासांत, पातेल्याभोवती.

आठ दिवस आधी दोघांनी मिळून दारोदार जावं. व्हॉट्सॲपवरच्या निरोपाला अंगठा येतो, माणूस येत नाही. भाडेकरू, खोली घेऊन राहणारी मुलं, रखवालदार यांच्याकडे आधी जा, कारण 'हे आपल्यासाठी नाही' असं त्यांनाच वाटतं. वर्गणी सगळ्यांना सारखी आणि छोटी ठेवा. २५ घरं असतील तर घरटी १०० ते १२५ रुपयांत बहुधा भागतं. पैशांपेक्षा काम मागणं महत्त्वाचं. एका घराकडे सतरंज्या, एकाकडे पिण्याचं पाणी, एकाकडे सुकामेवा कुटणं, एकाकडे भेळेचा कांदा चिरणं. ज्याच्या हाती काम आहे तो हमखास येतो, आणि थांबतोही.

साठ जणांना प्रत्येकी १५० मिली धरलं तर ९ लिटर होतं. काही जण दुसऱ्यांदा घेतात, म्हणून १२ लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध आणा. आटून साधारण १० लिटर राहतं. त्या दिवशी दुधाला मागणी फार असते, दोन दिवस आधी सांगून ठेवा. साखर १ किलो. मसाल्याला बदाम २०० ग्रॅम, काजू १५०, पिस्ते १००, चारोळी ५०, वेलची २५ ग्रॅम, एक छोटं जायफळ आणि १ ग्रॅम केशर. मेवा मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा आणि त्यातच दोन चमचे साखर घाला. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. चारोळी अख्खीच ठेवा.

पातेलं जाड बुडाचं, २० लिटरचं घ्या. लहान घेतलं तर उतू जाणार. पितळी असेल तर कल्हई शाबूत आहे ना, ते बघा. दूध ओतण्याआधी प्रत्येक ठिकाणचं वाटीभर दूध वेगळं उकळून पाहा. एक पिशवी नासकी निघाली तर सगळं पातेलं फाटतं. पातेल्यात आधी थोडं पाणी फिरवून टाका, दूध बुडाला कमी लागतं.

साडेसातला शेगडी पेटवा. पहिली उकळी यायला पाऊण तास, पुढे मध्यम आचेवर तासभर आटवणं. लांब दांड्याचं उलथनं बुडाला टेकवून सतत फिरत राहिलं पाहिजे. दर दहा मिनिटांनी ढवळणारा बदला, शेजारच्या माणसाला उलथनं द्या. मुलांना मात्र शेगडीपासून लांब ठेवा. करपल्याचा वास आला तर बूड खरवडू नका. आच बंद करून वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा. त्यासाठी दुसरं पातेलं आधीच धुऊन ठेवलेलं असावं. साखर शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला, आधी घातली की दूध बुडाला लवकर लागतं. मधुमेह असलेल्यांसाठी २ लिटर त्याआधीच बाजूला काढा, म्हणजे बाकीच्याला ८०० ग्रॅम साखर पुरते. मसाला आणि कोमट दुधात अर्धा तास भिजवलेलं केशर आच बंद केल्यावर घाला. जायफळ किसून चिमूटभर टाकत चव पाहा, जास्त झालं तर दूध कडवट लागतं.

सोबत भेळ पुरे : २ किलो कुरमुरे, दीड किलो फरसाण. दहा-बारा जणांपुरतीच एका वेळी कालवा, नाहीतर मऊ पडते.

या रात्री घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, या ओवाळण्याला आश्विनी म्हणतात. गल्लीत सगळ्या घरांतली थोरली एका रांगेत बसवा, सत्तरीचे आजोबा असोत की पहिलीतली मुलगी. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांना शेजारच्या काकूंनी ओवाळावं. हा भाग कधीच वगळू नका. नंतर दहा मिनिटं सगळ्या घरांचे दिवे मालवा आणि चांदण्यात पातेल्यावरचं झाकण काढा.

ध्वनिक्षेपक नकोच, रात्री १० नंतर तसाही नियमाने बंद ठेवावा लागतो. गाण्यांच्या भेंड्यांना तो लागतही नाही. दिव्यासाठी वीज एखाद्या घरातून घ्या, रस्त्याच्या खांबावरून नको. परतीचा पाऊस आला तर कुणाचं पार्किंग वापरायचं, ते आधीच ठरवा. गाड्या संध्याकाळी सहालाच हलवून घ्या आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी ठेवा.

जे आले नाहीत त्यांच्या घरी झाकलेला पेला त्याच रात्री पोचवा. आटीव दूध सकाळपर्यंत बाहेर टिकत नाही. हिशेब दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून सगळ्यांना दिसेल असा लावा. शिल्लक उरली तर गल्लीचं स्वतःचं पातेलं घेण्यासाठी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी भाड्याने आणायला नको.