कापडी डायपर आणि रॅश: मलम बदलण्याआधी या चुका तपासा

बाळाच्या कुल्ल्यांवर लाली दिसली की घरात दोनच गोष्टी सुचतात: कापडी डायपर बंद करा, नाहीतर दुसरं मलम आणा. दोन्ही घाईचं आहे. कापड किती वेळ ओलं राहिलं, कसं धुतलं गेलं आणि धुतल्यावर त्यात काय उरलं, हे तपासलं की बहुतेक वेळा रॅशचं कारण तिथेच सापडतं. ते न तपासता मलमं बदलत राहिलात तर चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी लाली पुन्हा हजर होते.

पहिली चूक: रॅश नीट न बघणं

बाळाला भरपूर उजेडात निजवा, पाय हलकेच वर धरा आणि जांघेतल्या वळ्या बोटाने उघडून बघा. रॅश कुठे आहे आणि कुठे नाही, यावरून निम्मं निदान होतं.

कुल्ले, मांड्यांचा आतला फुगीर भाग, ओटीपोटाखालची जागा, म्हणजे जिथे ओलं कापड अंगाला टेकतं तिथेच लाली असेल आणि वळ्यांच्या आतली कातडी मात्र चांगली असेल, तर ओलावा, घर्षण किंवा कापडात राहिलेला साबण यांपैकी काहीतरी नडतंय. वळ्यांच्या आतही भडक लाल झालं असेल, लालीची कड स्पष्ट असेल आणि तिच्या बाहेर सुटे सुटे लाल ठिपके असतील, तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. फक्त इलॅस्टिकच्या रेषेत चट्टा असेल तर डायपर घट्ट बसतोय, किंवा आतलं ओलं कापड वरच्या जलरोधक कव्हरच्या कडेतून बाहेर डोकावतंय. इलॅस्टिकचा वळ थोड्या वेळात आपोआप जात असेल तर काळजी नको. कातडी सोलवटली असेल तर बटण एक घर सैल करा.

फक्त शीच्या जागेभोवती लालबुंद कडं दिसत असेल तर आधी जुलाब आठवा. जुलाब नसताना असं झालं आणि शी करताना बाळ कळवळून रडत असेल, तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. त्यावर घरगुती उपाय नाही, डॉक्टरच हवेत.

ओल्या डायपरला "अजून थोडा वेळ" देणं

शू एकटी कातडीला फारशी बाधत नाही. घोटाळा होतो तो शी आणि शू एकत्र आल्यावर. शीमधल्या जिवाणूंचं युरिएज हे एन्झाइम शूमधल्या युरियापासून अमोनिया बनवतं. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं जास्त आम्ल) साधारण 5.5 च्या आसपास असतो. अमोनियाने तो वाढतो आणि वाढलेल्या पीएचमध्ये शीतली पाचक एन्झाइम्स जास्त जोमाने काम करू लागतात. अन्न पचवणारी ही एन्झाइम्स मग बाळाच्या कातडीवर चालतात. ओलाव्याने फुगून मऊ झालेली कातडी त्यांना अडवू शकत नाही, आणि वर कापड घासत असतंच.

त्यामुळे शी झालेला डायपर बदलायला पाच मिनिटंही थांबू नका. नुसता शूचा असेल तर जागेपणी दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. तान्ह्या बाळाला याहून लवकर बदलावा लागतो. विकतच्या डायपरमध्ये ओल शोषून घट्ट धरणारं जेल असतं, कापडात ते नसतं. हा फरक मान्य करूनच कापड वापरायला हवं. "कापड नैसर्गिक आहे, त्याने रॅश येत नाही" हे ऐकून निर्धास्त राहिलेल्या घरांमध्येच जास्त त्रास झालेला दिसतो.

याच संदर्भातली दुसरी चूक म्हणजे गळू नये म्हणून आत दोन-तीन इन्सर्ट (ओल शोषणाऱ्या कापडी घड्या) कोंबणं आणि वर कव्हरवर आणखी प्लास्टिकची चड्डी चढवणं. गळती थांबते, हवाही थांबते. घरात असताना कव्हर काढून नुसती सुती लंगोट बांधा, म्हणजे ओल हाताला लगेच कळते. दिवसातून काही वेळ बाळाला खाली दुपटं अंथरून उघडंच ठेवा. रॅशवर याच्याइतका बिनखर्चाचा आणि गुणकारी उपाय दुसरा नाही, आणि तोच सगळ्यात कमी केला जातो.

मायक्रोफायबरचं (बारीक कृत्रिम धाग्यांचं) इन्सर्ट थेट अंगाला लावू नका. ते कातडीतलाही ओलावा ओढून तिला रखरखीत करतं. ते डायपरच्या खिशातच घालायचं. रात्रीसाठी डायपरच्या आत, बाळाच्या अंगाला लागेल असा फ्लीसचा (मऊ कृत्रिम कापडाचा) लायनर, म्हणजे पातळ तुकडा, ठेवला तर शू खाली उतरते आणि वरचा थर बराच कोरडा राहतो.

धुण्यातल्या चुका: खरी गोम इथे आहे

एक सोपी तपासणी करा. धुऊन वाळलेला डायपर नाकाशी धरा. काहीच वास यायला नको, साबणाचा सुगंधसुद्धा नको. आता तोच डायपर बाळाला बांधा. शू केल्याकेल्या डोळ्यांना झोंबेल असा उग्र भपकारा आला, तर कापडाच्या आत जुना मळ राहिलाय. भपकारा फक्त रात्रभर घातलेल्या डायपरला येत असेल तर ती रात्रीची दाट शू आहे. असा डायपर सकाळी लगेच साध्या पाण्यातून खळबळून काढा, एवढंच पुरतं.

वास धुतल्यावरही राहण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे डिटर्जंट कमी घालणं. बाळाचं अंग नाजूक म्हणून चिमूटभर पावडर घातली जाते. पण हे कपडे शी-शूने भरलेले असतात, त्यांना मोठ्या माणसांच्या मळक्या कपड्यांइतका डिटर्जंट लागतो. नाजूकपणा सांभाळायचा असेल तर सुगंध नसलेला डिटर्जंट निवडा आणि खळबळणं वाढवा.

उलट चूकही होते: डिटर्जंट भरपूर आणि पाणी कमी. ओळखायचं कसं? धुतलेला एक डायपर स्वच्छ गरम पाण्यात टाकून चांगला चोळा. पाण्यावर टिकून राहणारा फेस आला किंवा बोटांना बुळबुळीत लागलं, तर साबण निघालेला नाही. शू झाल्यावर तोच साबण ओला होऊन तासन्‌तास कातडीला लागून राहतो.

क्रम असा ठेवा. शी आधी काढून टाका. मग गार पाण्यात एकदा खळबळा. त्यानंतर पूर्ण मापाचा डिटर्जंट घालून गरम पाण्यात धुवा आणि फेस जाईपर्यंत खळबळा. मशीन गच्च भरू नका, पण तीन-चार डायपरसाठी भरपूर पाणीही घेऊ नका. कापडं एकमेकांवर घासली गेली तरच मळ सुटतो. मळके डायपर झाकणबंद बादलीत दिवसेंदिवस भिजत ठेवू नका. त्यात अमोनिया वाढतो आणि इलॅस्टिकही खराब होतं. हवेशीर टोपलीत कोरडे ठेवा आणि दोन-तीन दिवसांच्या आत धुऊन टाका.

पाणी जड असेल तर क्षार कापडात साठतात, डिटर्जंटची ताकदही तेच खातात. कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि मांड्यांना घासतं. पाणी मृदू करणारी पावडर वापरा, वाळलेला डायपर दोन्ही हातांत धरून चोळा, झटका, मगच बाळाला बांधा. कडकपणा घालवायला फॅब्रिक सॉफ्टनर मात्र अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड शोषायचंच थांबतं.

भपकारा जातच नसेल तर सगळे डायपर एकदा ब्लीचच्या पाण्यातून काढता येतात, पाकिटावरच्या मापाने आणि डायपरच्या लेबलवर मनाई नसेल तरच. मात्र शूचे डायपर न खळबळता ब्लीचमध्ये कधीही टाकू नका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळणंही तितकंच धोक्याचं आहे.

मलम आणि पुसणं

झिंक ऑक्साइडचं मलम रॅशवर चांगलं काम करतं. ते कातडीवर भिंतीसारखं बसतं, म्हणून जाडसर थर हवा. पण तेच मलम कापडाला लागलं की कापडही ओल शोषेनासं होतं आणि साध्या धुण्यात ते निघत नाही. पेट्रोलियम जेलीचंही तसंच. मलम लावायचं त्या दिवसांत मध्ये पातळ सुती तुकडा किंवा फ्लीसचा लायनर ठेवा आणि तो वेगळा धुवा.

दर वेळी मलम खरवडून काढायची गरज नसते. वरची घाण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपा, खालचा पांढरा थर राहू द्या, वर पुन्हा मलम लावा. घासून पुसण्याने जी सोलवट होते ती कित्येकदा रॅशपेक्षा जास्त चुरचुरते. सुगंधी वाइप्स रॅश असेपर्यंत बाजूला ठेवा. पुसल्यावर कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या अंगावर लावलेलं मलम ओल आतच कोंडतं.

टाल्कम पावडर नको, कारण ती उडून बाळाच्या श्वासात जाते. बोरिक पावडर तर मुळीच नको. फुटलेल्या कातडीतून ती शरीरात जाते आणि तान्ह्या बाळांना तिच्यामुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. खाण्याचा सोडा लावण्याचा सल्लाही दिला जातो. सोड्याने पीएच वाढतो, म्हणजे जे टाळायचं तेच होतं.

मोठ्या भावंडाच्या जुन्या लंगोटी पेटीतून काढल्या असतील तर त्यांचा वास घ्या. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला घालणं धोकादायक आहे. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही बाळांमध्ये, विशेषतः जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असणाऱ्यांमध्ये, लाल रक्तपेशी फुटतात आणि कावीळ वाढते.

बुरशी असेल तर

दोन-तीन दिवस वेळेवर डायपर बदलूनही लाली हटत नसेल, बाळाने नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल किंवा तोंडात न पुसली जाणारी पांढरी साय दिसत असेल, तर कॅन्डिडा या बुरशीचा संशय घ्या. नुसतं झिंक इथे पुरत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने बुरशीविरोधी मलम लागतं. या काळात उकळता येतील अशा साध्या सुती लंगोटी सर्वांत सोयीच्या. इन्सर्ट लेबल परवानगी देत असेल तर 60 अंश सेल्सिअसला धुवा. जलरोधक कव्हर उकळू नका, त्याचा थर सुटतो. ऊन जरूर द्या, पण केवळ उन्हाच्या भरवशावर बुरशी गेली असं समजू नका. कापड सांभाळणं जमत नसेल तर बरं वाटेपर्यंत विकतचे डायपर वापरा; त्यात कमीपणा काही नाही.

घरात कुणाच्या खाजेसाठी आणलेलं मलम बाळाला लावणं, ही या सगळ्यातली सर्वांत गंभीर चूक. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. डायपरच्या झाकलेल्या, ओल्या जागेत ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं आणि कातडी पातळ करतं. लाली पटकन ओसरते, म्हणून फसायला होतं.

फोड, पू, रक्त, ताप, दूध पिणं मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं, किंवा बाळ महिन्याच्या आतलं असेल, तर वाट बघू नका. डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब सोबत न्या आणि डायपर कशाने धुता तेही सांगा.