प्रागमधले शेवटचे तीन दिवस

पाठीवर एकच सॅक घेऊन एकट्याने केलेली युरोपची भटकंती प्रागमध्ये संपणार असेल, तर शेवटचे तीन दिवस उरताच सार्वजनिक वाहतुकीचे ७२ तासांचे तिकीट घ्यावे. ते मेट्रो, ट्राम आणि विमानतळाकडे जाणाऱ्या नेहमीच्या शहर बससेवेतही चालते, त्यामुळे निघण्याच्या दिवशी वेगळे तिकीट काढावे लागत नाही. कागदी तिकिटाचे तास यंत्रात शिक्का उमटल्यापासून मोजले जातात, म्हणून विमानाच्या वेळेपासून मागे हिशेब करूनच तो उमटवावा.

खरी काळजी मात्र पैशांची घ्यावी. चेक प्रजासत्ताकाचे चलन युरो नसून कोरुना आहे, आणि ते भारतात बदलून मिळणे अवघड असते. नाणी तर चलन बदलणारी दुकाने सहसा घेतच नाहीत. ती आदल्या संध्याकाळी बेकरीत संपवावीत (प्रवासात पाव लागतोच). नोटा बदलल्यावर दर वाईट मिळाल्याचे लक्षात आले, तर पावती घेऊन ३ तासांच्या आत त्याच दुकानात परत जावे, कारण १००० युरोपर्यंतच्या रकमेचा असा व्यवहार रद्द करण्याचा हक्क तेथील कायद्याने २०१९ पासून ग्राहकाला दिलेला आहे. अर्थात त्यासाठी हाताशी वेळ हवा, म्हणून हे काम विमानतळावर ऐनवेळी न करता शहरातच उरकावे.