शिटी कुणासाठी वाजवायची? नव्या सहाय्यक लोको पायलटसाठी

प्रशिक्षणात शिटीचे कोड बहुतेक जण घोकून पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. त्यापेक्षा प्रत्येक शिटी कुणाला ऐकवायची आहे, हे धरून शिका. ऐकणारा गार्ड (आताचं पदनाम ट्रेन मॅनेजर) आहे, मागचा बँकर म्हणजे घाटात गाडी मागून रेटणारं जादा इंजिन आहे, फाटकावरची माणसं आहेत की समोरून येणारी गाडी, हे कळलं की कोड आपोआप लक्षात राहतो.

गार्डसाठीचे कोड सर्वांत महत्त्वाचे. तीन आखूड: गाडी आवरत नाही, ब्रेक लावा. चार आखूड: अपघात, बिघाड किंवा अडथळ्यामुळे गाडी पुढे जाऊ शकत नाही, मागच्या बाजूने संरक्षण करा. दोन आखूड, एक लांब: साखळी ओढली गेली किंवा ब्रेक प्रेशर पडलं. दोन लांब, दोन आखूड: इंजिनाकडे या. लांब-आखूड-लांब-आखूड: गाडी तुटली, म्हणजे डबे सुटून तिचे दोन भाग झाले. आता वॉकीटॉकी असतो, पण बोगद्यात किंवा घाटात तो दगा देतो, तेव्हा याच शिट्या उरतात. नव्या हाताकडून हमखास होणारी चूक म्हणजे घाईत तिसरी आणि चौथी शिटी एकमेकीत मिसळणं. दोन शिट्यांमध्ये आवाज पूर्ण तुटू द्या. गाडीच्या शेवटच्या टोकाला वाऱ्यातून ऐकणाऱ्याला ती फट लागते. बाकीचे कोड आपल्या झोनच्या नियमपुस्तकाशी ताडून घ्या.

कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी या घाटांत चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर, म्हणून मागे बँकर लागतात. पुढचं इंजिन निघायला तयार झालं की एक आखूड शिटी देतं, बँकर तशीच शिटी देऊन उत्तर देतो, मगच गाडी हलते. उत्तराची वाट न बघता पुढच्याने ओढलं तर चढावर कपलरवर झटका येऊन गाडी तुटू शकते. मागच्याने आधी रेटलं तर मधले डबे दाबले जातात.

फाटकाआधी 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहिलेला पिवळा बोर्ड दिसतो. ब्रॉडगेजवर तो साधारण ६०० मीटर आधी असतो. त्या बोर्डापासून फाटक ओलांडेपर्यंत शिटी चालू ठेवायची. ताशी १०० किलोमीटरला हे अंतर सुमारे २२ सेकंदांत संपतं, १३०ला १७ सेकंदांतच. बोर्ड मागे गेल्यावर दोरीला किंवा बटणाला हात घालणं म्हणजे समोरच्याचे मोलाचे सेकंद खाणं. वळण आणि कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, डोंगर आवाज अडवतो, त्यामुळे कोकणासारख्या मार्गावर वळणाच्या आधीच लांब शिटी सुरू करा. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी जात असेल तर ट्रॅकमनला तुमची शिटी ऐकूच येत नाही. तिथे पुन्हा पुन्हा वाजवा. कुठलाही धोका जाणवला, तर थांबून थांबून अनेक आखूड शिट्या, हाच सर्वांना कळणारा इशारा.

वाफेच्या इंजिनावर, म्हणजे रेवाडीच्या शेडमध्ये किंवा दार्जिलिंगला, काम मिळालं तर शिटीचं तंत्र वेगळं आहे. वाटीभोवतीच्या अरुंद फटीतून वाफ सुटते आणि वरच्या घंटेच्या काठावर आपटते, त्यातून नाद निघतो. वाफ कोरडी हवी. थंड नळीत पाणी साचलेलं असतं, म्हणून पहिल्यांदा हळूच उघडून ते बाहेर काढा, नाहीतर शिटी फुरफुरते. बॉयलरमध्ये पाणी जास्त भरलं की वाफेबरोबर पाणी वर येतं आणि आवाज बसतो. फट क्षाराने बुजली किंवा घंटेचं नट ढिलं झालं तर सूर बिघडतो. वापर झाल्यावरही सूं सूं चालू राहिलं तर व्हॉल्व्हची बैठक झिजली आहे असं समजा.

शिटीने काम भागत नाही, तेव्हा फटाका सिग्नल, म्हणजे रुळावर बसवायचा आणि चाकाखाली आला की मोठ्याने वाजणारा फटाका. अपघातानंतर आधी इंजिनाचा फ्लॅशर लाइट (लुकलुकणारा दिवा) लावा, चार आखूड शिट्या द्या, आणि शेजारचा मार्ग अडला असेल तर लाल झेंडी किंवा दिवा दाखवत पुढे निघा. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. लेबल वर ठेवून पट्ट्या रुळाच्या डोक्याभोवती घट्ट वाकवा. पट्टी सैल राहिली तर हादऱ्याने फटाका घसरतो. अंतराचा अंदाज पावलांनी घेऊ नका, विद्युत खांबांवरचे किलोमीटर क्रमांक वाचा. वाटेतच गाडी दिसली, तर जिथे असाल तिथेच लगेच फटाके लावा. आणि तुमच्याच इंजिनाखाली फटाका वाजला, तर वेग कमी करून थांबून थांबून शिटी देत, अडथळ्याआधी थांबता येईल अशा बेताने जा. पुढच्या दीड किलोमीटरमध्ये दुसरा वाजला नाही, तरच नेहमीचा वेग धरा.