हर्मानसच्या कड्यावरून देवमासा कसा शोधावा

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनपासून गाडीने दीड तासावर हर्मानस आहे. तिथल्या वॉकर बेमध्ये जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सदर्न राइट व्हेल जातीचे देवमासे येतात. माद्या इथेच वितात आणि पिल्लं वाढवतात. जायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. आणि आधी काठावरून बघा, बोटीचं नंतर. इथे काठ हीच खरी जागा आहे, कारण पिल्लाला घेऊन मादी उथळ, शांत पाण्यात थांबते. कधी कधी तर कड्यावरून तिचा श्वासही ऐकू येतो.

न्यू हार्बरपासून ग्रोटो बीचपर्यंत सुमारे १२ किलोमीटरची पायवाट कड्याच्या कडेने जाते. वेळ कमी असेल तर ओल्ड हार्बरजवळच्या गिअरिंग्ज पॉइंटवर बसा. कोकणात संध्याकाळी समुद्राकडे बघताना डोळे दिपतात, तसं इथे होत नाही: दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि हा कडा दक्षिणेकडे बघतो. म्हणजे ऊन पाठीशी आणि समुद्र उजळलेला. तरी सकाळ धरावी, तेव्हा वारा बहुधा कमी असतो. वारा ताशी २० किलोमीटरच्या वर गेला की जिकडेतिकडे पांढरा फेस दिसू लागतो आणि त्यात देवमाशाच्या श्वासाचा फवारा हरवतो.

सुरुवातीला दुर्बीण गळ्यातच राहू द्या. नुसत्या डोळ्यांनी क्षितिजापासून काठापर्यंत, डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा. पहिल्यांदा दिसतो तो फवारा: पाच मीटरपर्यंत उंच आणि समोरून किंवा मागून पाहिला तर दोन फांद्यांचा, कारण या देवमाशाच्या नाकपुड्या दोन आहेत. बाजूने तो एकच वाटतो, वारा असला तर नुसता धूसर पुंजका. फवारा दिसला की नजर तिथेच रोखून ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांशी आणा. खाली बघून दुर्बीण चाचपत बसलात तर जागा चुकलीच. ७×५० किंवा ८×४२ची दुर्बीण पुरते (पहिला आकडा म्हणजे शक्ती, किती पट मोठं दिसतं ते). त्याहून जास्त शक्तीची हातात थरथरते.

नवख्यांची हमखास फसगत केल्प करतं. हे जाड देठांचं समुद्री शेवाळ काठाजवळ काळ्या पाठीसारखं वरखाली होत राहतं. दोन मिनिटं बघा: एकाच जागी डुलत असेल तर केल्प. देवमासा बुडाला तर शेपटीच्या फटकाऱ्याने वर आलेल्या पाण्याचा गुळगुळीत गोल मागे राहतो, जणू तिथे तेल सांडलंय. असे गोल एका ओळीत दिसले की पुढचा फवारा त्याच दिशेला शोधा.

ओळखायला पाठ बघा. राइट व्हेलच्या पाठीवर पर नसतोच. हंपबॅकच्या पाठीवर छोटा उंचवटा असतो, ब्रायडीज व्हेलच्या पाठीवर कोयत्यासारखा वाकडा पर. डोक्यावर पांढुरके खरबरीत चट्टे दिसले की शंका उरत नाही. ही जाड झालेली कातडीच, पांढुरकी दिसते ती तिच्यावर राहणाऱ्या बारीक जिवांमुळे. प्रत्येकाच्या चट्ट्यांची मांडणी वेगळी असते, त्यावरूनच अभ्यासक एकेक मादी वर्षानुवर्षं ओळखतात. हे प्राणी हळू पोहतात, मेल्यावर तरंगतात आणि त्यांच्यात चरबी भरपूर, म्हणून शिकाऱ्यांनी त्यांची जवळजवळ वाट लावली होती. १९३५ पासून त्यांना आंतरराष्ट्रीय संरक्षण आहे.

बोट ठरवताना परवाना विचाराच. परवानाधारक बोटीला ५० मीटरपर्यंत जाता येतं, इतरांना ३०० मीटर दूर राहावं लागतं, आणि पिल्लू असलेल्या मादीजवळ कोणीच जायचं नसतं. फेरी साधारण दोन तासांची असते. समुद्र खवळला तर ती रद्द होते, म्हणून एक दिवस हाताशी राखून ठेवा. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्या, कारण मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. उपाशीपोटी चढू नका. सुकी पोळी किंवा बिस्किटं खा, आलेपाक खिशात ठेवा. बसायला मधली किंवा मागची जागा बरी, पुढे हेलकावे जास्त. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलच्या पडद्यावर नको. ऑक्टोबरातही वाऱ्याला बोचरी थंडी असते, तेव्हा वारा न शिरणारं जाकीट हवंच.

देवमासा आपणहून बोटीजवळ आला तर सगळ्यांनी त्याच बाजूला धावू नये, बोट कलते. जागेवर बसून राहा, आवाज करू नका आणि हात पाण्यात घालू नका.